हौद्यात रबर टाकलं, मन्मथ

मन्मथ, हौद्यात रबर टाकलं. तुझ्या मनासारखं झालं. दोन वर्षं माझ्या कानाशी भुणभुण लावली होतीस, गाडीच्या हौद्यात रबर टाकू, रबर टाकू. आणि मी म्हणत होतो, पत्रा टाकू, चेकरचा पत्रा. शेवटी तुझंच खरं झालं. आणि त्या रबरावर बसून पहिला गेलास तोही तूच. आता ह्याला काय म्हणावं, सांग.

अजून आठवडा झाला नाही. काल तुझा धाकटा भाऊ उमाकांत येऊन गेला. म्हणाला, "गौतमभाऊ, पेपरात आण्णाचा फोटो द्यायचाय. खाली चार वळी लिहून द्या. तुमच्याइतकं त्याला कोण वळखतंय." मी हाव, देतो म्हणालो आणि कागद घेऊन बसलो. शांत स्वभावाचे, मनमिळाऊ, एवढं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. मनमिळाऊ म्हणे. हा माणूस एका पत्र्यापायी माझ्याशी लातूरच्या बाजारात भांडला, भोकरच्या रस्त्यावर भांडला, माझ्या घरी जेवता जेवता हातातला घास तसाच धरून भांडला, आणि भांडण अर्धवट टाकून निघून गेला. त्या चार ओळी उमाकांतनं दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्याव्यात. मला लोकांना काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय.

बोलायला तसं दुसरं राहिलंय कोण. गाडी दारात उभी आहे. पाण्याची आपली फेरी दुसऱ्या गाडीवाल्याला दिली. आभाळाकडं बघायचं मी सोडून दिलंय. सकाळी उठलो की सवयीनं गमछा खांद्यावर टाकतो, दारापर्यंत जातो आणि तिथंच उभा राहतो. बायको म्हणते, आत या, ऊन लागतंय. मग आत येतो. दिवस असा जातो, आणि उद्याचा कसा जाणार हे मला खरंच माहीत नाही.

पाऊस गेला त्याच्या पुढच्या वर्षी मोंढ्यात माल यायचा थांबला, आठवतंय ना. तुझं भुसारचं दुकान आणि माझी हमाली, दोन्ही एकदमच बसलं. माझा उजवा खांदा तर त्याच्याही आधी गेला होता. पोतं घेतलं की मानेपासून कोपरापर्यंत कळ जायची. मी दुकानाच्या पायरीवर बसून बिडी ओढायचो आणि तू रिकाम्या तराजूला फडकं मारत बसायचास. एक दिवस तू फडकं ठेवलंस आणि म्हणालास, "गौत्या, आता लोकास्नी ज्वारी नको, पाणी पायजे. आपुन पाणी वाहू." मी म्हणालो, येडा झालास का. महिन्याभरात तू कुणाची तरी जुनी पिकअप दारात आणून उभी केलीस. पांढरी होती म्हणायची, पोपडे सोडले तर. वहिनींनी तिला हळद-कुंकू लावलं, तू चाकाखाली लिंबू ठेवलंस, आणि मला म्हणालास, बस. मी पुढं बसायला गेलो तर म्हणालास, "तिकडं न्हाई. मागं. पाणी तू सांभाळायचं."

तिथंच आपली वाटणी झाली. स्टिअरिंगचं चाक तुझ्याकडं आणि हौदा माझ्याकडं. आपलं सगळं भांडण ह्या वाटणीतून आलं हे मला तेव्हा समजत होतं, तुलाही समजत होतं. पुढं बसणाऱ्याला वाटतं, मागचं ओझं जागचं हलू नये. वळणावर पाण्याची टाकी सरकली की तुझ्या हातातलं चाक ओढायचं. आणि मागच्याला, म्हणजे मला, वाटायचं की ओझं सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर उचलावं लागतं, आणि उचलायला खांदा लागतो. म्हणून तुला रबर पाहिजे होतं आणि मला पत्रा. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

पण आधी आपण दोघांनी मिळून जो मूर्खपणा केला तो तर सांगूच नये कुणाला. उदगीरचा जिल्हा करा म्हणून बसस्टँडसमोर केवढा मोठा फ्लेक्स लागला होता. सगळ्यांचे हात जोडलेले फोटो, आणि वर लाल अक्षरांत, जिल्हा झालाच पाहिजे. वावटळीनं तो एका बाजूनं फाटून रस्त्यावर आला आणि तू तो गुंडाळून गाडीत टाकून आणलास. म्हणालास, "जिल्हा व्हईल तवा व्हईल. तवर गाडीचा पत्रा तरी झाकू." आपण तो दुहेरी करून हौद्यात अंथरला, कडेनं तारेनं बांधला. कसला फिट बसला होता. पाण्याची फेरी झाली की टाकी उतरवून आपण जनावरंही न्यायचो, तेव्हा फोटोतल्या पुढाऱ्यांच्या तोंडावर शेळ्या उभ्या राहायच्या आणि तू मागं वळून म्हणायचास, "बघ रे, जिल्ह्याला पाणी लागलं का." टाकीतलं सांडलेलं पाणी त्या फ्लेक्सखाली जायचं आणि तिथंच बसायचं. बाहेर माणसाला प्यायला पाणी नाही आणि आपल्या जिल्ह्याखाली ओल हटत नव्हती. उन्हाळ्यात काढून बघितला तर हौद्याचा तळ फोडासारखा फुगलेला. तू बोट टेकवलंस, ते आरपार गेलं. त्या भोकातून रस्ता दिसत होता. तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं, आणि दोघंही रस्त्यावर बसून हसलो. त्यानंतर आपल्यात वाया गेलेल्या कुठल्याही कामाला जिल्हा म्हणायची रीत पडली.

ह्यावर हसतोय खरा, पण त्या दिवसानंतर हौदा उघडाच राहिला, आणि मग ती गाय पडली.

निलंग्याकडून चारा छावणीला न्यायची होती, देवणी गाय, काळी-पांढरी, अंगावर हाडं राहिलेली. मालकीणबाई पुढं तुझ्याजवळ बसल्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. मी मागं कासरा धरून उभा. सकाळच्या फेरीचं पाणी हौद्यात सांडलेलं होतं, तळ ओला होता. वळणावर तू जपूनच घेतलीस, मी बघत होतो, पण तिचे पुढचे खूर एकदम सुटले. आधी गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. मी कासरा ओढत राहिलो आणि ती माझ्याकडं बघत राहिली. ओरडलीसुद्धा नाही. तू गाडी थांबवून मागं आलास, हौद्याचा मागचा फाळका खाली टाकलास आणि तिचे सोललेले गुडघे बघितलेस. मग अंगातला सदरा काढून तिचं रक्त पुसलंस. पाय मोडला नव्हता, छावणीत ती जगलीही. पण तुझी भाकरी त्या दिवशी तशीच बांधलेली राहिली. "जनावर आपल्या भरवशावर उभं ऱ्हातंय रे," एवढंच म्हणालास. तिथून तुझं रबर सुरू झालं.

लातूरला त्या बॉडीवाल्याच्या दुकानात गेलो तो दिवस मला पाठ आहे. त्यानं आधी प्लास्टिकचा तयार साचा दाखवला, परातीत परात बसवावी तसा हौद्यात बसणारा. दिसायला एकदम चकाचक. तू त्याखाली हात घालून चाचपून बघितलंस आणि म्हणालास, "ह्याच्या खाली पाणी साठंल. गौत्या, ह्यो बी जिल्हाच हाय." दुकानदाराला काहीच कळलं नाही. मग त्यानं काळा लेप फवारून मारायचं सांगितलं, तळाला चिकटून बसतो, खाली पाणी जायला जागाच राहत नाही. ते तुला पटलं होतं. पण तो म्हणाला, आधी भोकाला पत्र्याचा तुकडा जोडायचा, सगळा गंज खरवडायचा, मग लेप, मग वाळायला गाडी ठेवून जायची. तू विचारलंस, "तवर वस्तीवरची मान्सं काय पितील?" तो म्हणाला, ते मला काय विचारता आप्पा. तिथं तो विषय संपला.

राहिलं रबर आणि पत्रा. कारखान्यात ऊस ओढून नेतात ना, तसला जाड रबरी पट्टा त्याच्याकडं होता, जुना, पण अंगावर काडीचा चिरा नाही. आणि चेकरचा पत्रा, वर दाणे उठलेले. तू दोन्ही तुकडे भिंतीला तिरके लावलेस, आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलंस. दुकानदार ओरडला, "आप्पा, पानी कशाला सांडायलाव? चार दिसाला येतंय हितं." तू ऐकतोस कशाला. मला म्हणालास, चप्पल काढ आणि पत्र्यावर चढ. मी चढलो. घसरलो नाही. मी म्हणालो, "बघ. झालं का समाधान?"

"तुला बोटं हायत पायाला. खुराला कुठली बोटं?"

"मग तुझ्या रबरावरनं कट्टा ओढून दाखव."

तिथं सिमेंटचा भरलेला कट्टा, म्हणजे पोतं, पडलं होतं. तू तो रबरावर घेतलास आणि दोन्ही हातांनी ओढायला लागलास. कट्टा जागचा हलेना. तू पाय रोवलेस, दात खाल्लेस, आणि कट्ट्याचा कान तुटून हातात आला तसा पाठीवर आपटलास. आख्खं दुकान हसायला लागलं. मी तर हसून हसून खाली बसलो. तू पडल्या पडल्याच म्हणालास, "हालला का? न्हाई हालला. तेच सांगायलोय मी." आता ह्या माणसाशी काय बोलणार. दुकानदार म्हणाला, तुम्ही दोघं आधी एक ठरवा, मग या. आपण काहीच न घेता, रिकाम्या हौद्यानं उदगीरला परत आलो.

वहिनींनी मार्ग काढला होता तसा. तुमच्या ओसरीवर चहा देता देता म्हणाल्या, "पुढं रबर घाला, मागं पत्रा घाला. एवढं काय त्यात." आपण दोघं एकदम म्हणालो, तसं नसतंय. वहिनी कपबशा उचलून आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "तुमच्या दोघांचंच लगीन लावायला पायजे होतं." तू तेवढ्यावर खूश.

आणि मग एका दुपारी तू तसला रबरी पट्टा आणलासच. उसाअभावी बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातून, गुंडाळी करून. तुमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली टाकलास आणि मला बोलावणं धाडलंस. मी आलो, गुंडाळीकडं बघितलं आणि म्हणालो, "माझा खांदा बघ आधी. ह्याच्यावरनं टाकी काढायची तर उचलावी लागंल. रबरावर ओझं सरकत न्हाई, मन्मथ, उचलावं लागतंय. तू येणार हाईस का उचलायला, चाक सोडून?" तू गुंडाळी पायानं लिंबाच्या बुडाला लोटलीस. मला वाटलं, आता उद्या सकाळी येऊन बघावं तर हौद्यात रबर ठोकलेलं असणार. गाडी तुझ्या नावावर, पट्टा तू आणलेला, तुला कोण अडवणार होतं? पण तू ठोकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही. आख्खा उन्हाळा ती गुंडाळी लिंबाखाली पडून राहिली. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. मी विचारलं की म्हणायचास, "तू हाव म्हण, मग टाकू." जनावरं न्यायची झाली की खाली गोणपाट अंथरून, गाडी पायी चालल्यासारखी चालवायचास, आणि मागून लोक हॉर्न मारून बेजार करायचे. पण माझ्या हावशिवाय तू त्या हौद्याला हात लावला नाहीस. मोंढ्यात आयुष्य काढलं मी, मन्मथ. माझ्या पाठीवर काय ठेवायचं हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. तू विचारत राहिलास. हे तुला मी बोललो नाही. असलं काही आपण बोलायचो कुठं?

आता तो दिवस. तुला तर माहीतही नसेल काय झालं ते.

विहिरीवर गाड्यांची रांग होती. आपली तिसरी का चौथी. मी टाकीवर चढून झाकण उघडून बसलो होतो, पाइप धरायला. पुढची गाडी भरून गेली. मी नेहमीसारख्या टपावर दोन थापा मारल्या, म्हणजे पुढं घे. तू घेतली नाहीस. परत मारल्या. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी वरून ओरडलो, "झोपलास का रे? पुढं घे की." मग शिव्या दिल्या, आपल्या नेहमीच्या. मला वाटलं, रबराचा राग काढायलाय, कारण सकाळीच आपलं पुन्हा वाजलं होतं. मी तणतणत खाली उतरलो, दार उघडलं. तू समोर बघत बसला होतास. हात मांडीवर. पाण्याची बाटली तशीच भरलेली, बूच लावलेलं. मी खांद्याला धरून हलवलं तसा तू माझ्या अंगावर आलास, सगळाच्या सगळा.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. तिथून पुढचं मला नीट आठवत नाही, एवढंच आठवतंय की विहिरीवरचा माणूस फोन करून विचारत होता, टाकी भरायची का दुसऱ्याला सोडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या ओसरीवर तुला बसवलेलं होतं. तुमच्यात माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात, बसवूनच माती देतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तुझ्या वडिलांच्या वेळी मीही होतो. पण तुला तसं बघणं निराळं होतं. आंघोळ घालून, कपाळभर भस्म लावून, मांडी घालून भिंतीला टेकवलेला, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर, आणि पडू नये म्हणून छातीवरून कापड बांधलेलं. वहिनी तुझ्या पायाशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या, तुझ्या पायाच्या बोटावरची माशी हाकत होत्या.

माती शेतात द्यायची होती, वडिलांच्या शेजारी. शेत लांब. खांद्यावर तेवढं कोण नेणार? उमाकांत म्हणाला, ट्रॅक्टर बोलावतो. वहिनी पहिल्यांदा बोलल्या, "त्यांच्याच गाडीत न्या." मग तुला बसवून न्यायचं बांबूचं विमान बांधायला घेतलं, झेंडूची फुलं कुठून तरी आली. मठातले म्हातारे स्वामी हौद्याजवळ गेले, आत हात फिरवून बघितला आणि मला म्हणाले, "हितं विमान टिकल का? नुसता पत्रा हाय. त्या रस्त्यानं सरकलं तर कलंडंल. बसलेला माणूस बसलेलाच गेला पायजे. कलला न्हाई पायजे."

कुणी म्हणालं, कडबा अंथरा. कडबा कुणाच्या घरी होता? कुणी म्हणालं, पोती टाका. पोत्यासकट विमान त्या गायीसारखं कसं घसरलं असतं, मला दिसत होतं. उमाकांत माझ्याकडं बघायला लागला, स्वामी बघायला लागले. हौद्याचं म्हटलं की सगळे माझ्याकडंच बघणार. शेतातून निरोप आला की जमीन दगडासारखी झाली आहे, पहार लागत नाही, खड्ड्याला अजून वेळ लागेल. मी लिंबाखाली गेलो. कोंबड्या हुसकल्या. म्हणालो, "हाव."

पट्टा अंगणात उलगडला. तुझ्यासमोर. ओसरीवरून तू बघत होतास, म्हणजे डोळे मिटलेले होते, पण तोंड माझ्याकडंच. सुरी साबणाच्या पाण्यात बुडवून बुडवून कापत होतो. पहिला काप वाकडा गेला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "वाकडं व्हायलंय रे, धर की तिकडनं." कुणीतरी मला धरायला उठलं. वहिनी म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना. त्यांचं असंच ऱ्हातंय." मग मी बोलतच राहिलो. खाली लाकडाच्या पट्ट्या टाकल्या, तू म्हणायचास तशा, पाणी निघून जायला. त्या दिवशी कुठलं पाणी निघून जाणार होतं, काय माहीत. भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकला. चारी कोपऱ्यांत रबर दाबून बसवलं, खिळे मारले. उभा राहून पायानं दाबून बघितलं. चांगलं बसलं होतं. मन्मथ, लईच चांगलं बसलं होतं. मी ओसरीकडं बघितलं, तू काहीतरी बोलशील म्हणून.

विमान वर चढवलं. मागं कोण बसणार म्हणून दोघं-चौघं पुढं झाले. एक-दोघांना मी नको होतो बहुतेक, मला नीट कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, "मागं गौतमभाऊजीच बसतील. ती जागा त्यांचीच हाय." मी चढलो. उमाकांत चाकावर बसला. इतकी वर्षं मी मागं आणि तू पुढं, मधे काच. त्या दिवशी पहिल्यांदा तू मागं येऊन माझ्याजवळ बसलास. मी विमानाचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि सवयीनं टपावर दोन थापा मारल्या. गाडी निघाली.

रस्ता तुझ्या ओळखीचाच. पुलाजवळचा उखडलेला तुकडा आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. गाडी हलली, फुलं हलली, तुझी मान थोडी माझ्याकडं आली आणि परत जागेवर गेली. विमान तसूभर सरकलं नाही. बैलगाडीच्या वाटेला लागल्यावर एवढा हिसका बसला की मीच गुडघ्यावर पडलो. तू बसलेला होतास तसाच. मागून चालणारे नमः शिवाय म्हणत होते आणि मी तुझ्या कानाशी म्हणत होतो, "बरोबर हाईस तू. रबरच पायजे होतं. बरोबर हाईस." कितीदा म्हणालो असेन. तुझ्या कानात भस्म गेलं होतं.

शेतात गाडी खड्ड्याच्या अगदी जवळ नेऊन उभी केली. भेगा एवढ्या की चाक अडकतं का काय वाटलं. फाळका खाली टाकला. खालून चौघांनी बांबू धरले आणि ओढलं. विमान हललं नाही. पुन्हा ओढलं. बांबू करकरला, पण रबरानं धरून ठेवलं होतं. उमाकांत घामाघूम होऊन माझ्याकडं बघून म्हणाला, "गौतमभाऊ, सरकना की."

मी म्हणालो, "रबर हाय. सरकत न्हाई. उचलावं लागतंय."

हेच वाक्य दोन वर्षं मी तुला ऐकवत आलो. पुढं तू "तेच सांगायलोय मी" म्हणायचास, तेही मला पाठ होतं, म्हणून मी थांबलो. सगळे वाट बघत उभे होते की मी वाकून आतल्या बाजूनं उचलीन, कारण हौद्यातून माल उतरवायचा तर मागच्या माणसानंच आधी उचलायचा असतो, हे त्यांनाही माहीत होतं. मी वाकलो. बांबूला हात लावला. आणि मन्मथ, मी उचललं नाही. वरून दाबून धरलं. रबरानं धरलंय तर धरू दे, असं वाटलं. खालचे ओढत होते आणि मी दाबत होतो, आणि थोडा वेळ कुणाला कळलंच नाही की विमान अडलंय कशानं.

स्वामींना कळलं. ते जवळ आले, माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "सोडा आता."

मग उचललं. उजव्या खांद्यावरच आलास. कळ मानेपासून कोपरापर्यंत गेली. मी आयुष्यभर लोकांची ओझी उतरवली, मन्मथ. हे एक मला उतरवायचं नव्हतं.